सोनाटा वाजतो, पण स्वतःचे दोन बार वाजत नाहीत, त्याचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे की वेस्टर्न क्लासिकल पियानो शिकणारी मुलं आहेत, सोनाटा नीट वाजवतात, थिअरीत कॉर्ड ओळखतात, पण पुस्तक बंद करून "आता तुझं काहीतरी वाजव" म्हटलं की हात मांडीवर जातात. कीबोर्ड हार्मनीचा, म्हणजे कॉर्ड कीबोर्डवर जोडत न्यायचा, तास आहेच, तर त्यातून इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे बसल्या जागी स्वतःचं रचून वाजवणं, शिकवता येईल का, सुरुवात कुठून करायची, वेळ किती द्यायचा, आणि परीक्षेच्या तयारीला फटका बसेल का.

शिकवता येतं. फक्त कीबोर्ड हार्मनी बहुतेक ठिकाणी जशी शिकवतात तशी शिकवून ते होत नाही, आणि हे मी ती तशीच कित्येक वर्षं शिकवल्यानंतर सांगतेय. माझ्याकडे एक मुलगी होती, अतिशय मेहनती, तिला मी वन-फोर-फाइव्ह-वन, म्हणजे स्केलच्या पहिल्या, चौथ्या, पाचव्या आणि परत पहिल्या सुरावरचे कॉर्ड, चार आवाजांत बाराही की (स्वरपट्ट्यां) मध्ये बसवायला सांगितलं. तीनेक महिन्यांत तिने बसवलं, एक पॅरलल फिफ्थ (दोन आवाज पाचव्या सुराचं अंतर ठेवून सोबत सरकणं, हार्मनीत ही चूक धरतात) नाही, एफ शार्प मेजर मध्ये सुद्धा हात अडखळत नव्हता. मी खूश. म्हटलं आता याच कॉर्डवर चार बार (तालाचे खंड) तुझं काहीतरी वाजव. तिने माझ्याकडे बघितलं आणि तेच परत वाजवलं, जरा सावकाश. मग म्हणाली, "असं?" म्हणजे पाढे चोख पाठ, पण हिशोब मी तिला कधी करायलाच दिला नव्हता, चूक सगळी माझी.

होतं काय की आपण कागदावरची हार्मनी उचलून जशीच्या तशी कीबोर्डवर ठेवतो. कागदावर वेळ थांबलेला असतो, चारही आवाज तपासता येतात, खोडरबर असतं, आणि सगळा रोख चूक पकडण्यावर असतो. इम्प्रोव्हाइज करताना यातलं काहीच नसतं, वेळ पुढे पळत असतो आणि डोक्यात एका वेळी फार फार तर दोन ओळी मावतात. म्हणून माझी पद्धत आता एवढीच आहे की चार आवाज नंतर, आधी दोन, खाली बेस आणि वर मेलडी, आणि काही झालं तरी बीट थांबायचा नाही. मधलं भरणं हे हाताला आपोआप जमत जातं, कमीत कमी नव्वद टक्के मुलांना.

हे मी शोधून काढलेलं नाही हो, जुनंच आहे. अठराव्या शतकात नेपल्समध्ये चार कॉन्सर्व्हेटरी होत्या, आणि कॉन्सर्व्हेटरी म्हणजे तेव्हा अनाथाश्रमच, तिथल्या मुलांना मोठं होईपर्यंत चर्चमध्ये नाहीतर थिएटरमध्ये पोट भरता येईल इतकं काम यायला हवं होतं. त्यांना शिकवायचे पार्टिमेंतोवर, म्हणजे नुसती एक बेसची ओळ लिहून द्यायची, बाकी सगळं मुलाने बसल्या जागी वाजवायचं. दुरांते, लिओ, नंतर फेनारोली हे तिथले शिक्षक, फेनारोलीचे नियम १७७५ साली छापून आले. पायझिएल्लो आणि चिमारोझा याच शिक्षणातून आले. जर्मनीकडे सी. पी. ई. बाखने १७६२ साली आलेल्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात शेवटचं प्रकरण फ्री फँटसीवर, म्हणजे मोकळ्या इम्प्रोव्हायझेशनवर, लिहिलं, आणि तिथे सुद्धा आधी आकडे लिहिलेली बेसची ओळ दिलीय आणि मग तिच्यावरून फँटसी कशी उभी राहते ते दाखवलंय. बाप जोहान सेबास्टियन १७४७ साली पॉट्सडॅमला गेला तेव्हा राजा फ्रेडरिकने दिलेल्या थीमवर त्याने जागेवर तीन आवाजांचा रिचेरकार, म्हणजे एकच थीम आवाजांत गुंफत नेणारी रचना, वाजवला, ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण आपण ती चमत्कार म्हणून सांगतो, आणि तिथेच मुलं घाबरतात. बाखएवढं कुणालाच येणार नाही हे कबूल, पण त्या काळातला साधा चर्चचा ऑर्गनिस्ट पण रोज बेसवरून वाजवायचा, तो काही जीनियस नव्हता, त्याचा तो जॉब होता. एकोणिसाव्या शतकात हे हळूहळू मागे पडलं. बेथोव्हेनने पाचव्या पियानो कॉन्चेर्टोत लिहूनच ठेवलं की इथे कॅडेन्झा (एकट्या वादकाने स्वतःचं वाजवायचा तुकडा) करू नका, लगेच पुढे चला. तरी १८२९ साली चेर्नीने, हो, तोच एक्झरसाइजवाला चेर्नी, इम्प्रोव्हायझेशनवर एक मोठं पुस्तक काढलं होतं. त्याचे एक्झरसाइज राहिले आणि हे पुस्तक कुणी उघडेना, काय बोलणार.

असो. पहिल्या आठवड्यात काय करायचं ते सांगते.

डावा हात सी-डी-ई-एफ-जी, एकेक नोट, मग परत सी. उजवा हात प्रत्येक नोटच्या टेन्थवर (तिच्यापासून दहाव्या सुरावर), म्हणजे ई-एफ-जी-ए-बी आणि शेवटी सी. कॉर्ड नाही, काही नाही, दोनच ओळी. मेट्रोनोम साठला ठेवा. हे दोन मिनिटांत येतं आणि मुलांना वाटतं की टीचर आज आपल्याला लहान समजताहेत. मग सांगायचं की बेस आहे तसाच ठेव, पण उजव्या हाताने प्रत्येक नोटच्या जागी चार नोट वाजव, सीवर ई-एफ-जी-ई, डीवर एफ-जी-ए-एफ, असंच वर चढत जायचं, जीवर बी-सी-डी-बी आणि मग सी. हे वाजवलं की चेहरा बदलतो, कारण हे ऐकायला खरोखरच्या पीससारखं लागतं आणि वाजवलंय त्यांनी स्वतः. मग "आता तुझ्या चार नोट शोध." मग तीन नोट. मग दोन, पण पहिली रेस्ट. पहिल्या तासाला एवढंच पुरतं.

आणि नियम फक्त दोन. बीट थांबवायचा नाही. आणि हरवलास तर उजवा हात उचल, गप्प बस, पण बेस सोडायचा नाही. चुकीची नोट वाजली तर मी काहीच बोलत नाही, थांबला तर बोलते. क्लासिकल मुलांना वर्षानुवर्षं सवय असते की चुकलं की थांबायचं, मागे जायचं, दुरुस्त करायचं, ती सवय प्रॅक्टिसला चांगलीच आहे पण इथे तीच आडवी येते, आणि ती मोडायला माझ्या अनुभवात दीड-दोन महिने लागतात, तेव्हा पहिल्या पंधरा दिवसांत वैतागू नका.

दुसरा टप्पा रूल ऑफ द ऑक्टेव्ह, आणि इथे मात्र मी भरपूर वेळ घालवते कारण सगळा खजिना इथेच आहे. फ्रान्समध्ये कांपियोंने १७१६ साली याच नावाने तो छापला, पण वाजवणाऱ्यांच्या हातात तो आधीपासून होता. कल्पना सोपी आहे, बेस स्केलमध्ये चढत-उतरत असेल तर प्रत्येक पायरीवर कोणता कॉर्ड ठेवायचा हे ठरलेलं. सी मेजरमध्ये चढताना: सीवर सी-ई-जी. डीवर एफ-जी-बी. ईवर जी आणि सी. एफवर ए-सी-डी. जीवर बी-डी. एवर सी आणि एफ. बीवर डी-एफ-जी. मग सी. लक्षात घ्या की टणक, रूट पोझिशनचे (मूळ सूरच बेसमध्ये असलेले) कॉर्ड फक्त पहिल्या आणि पाचव्या पायरीवर आहेत, बाकी सगळीकडे काहीतरी उलटलेलं, काहीतरी पुढे ढकलणारं. म्हणूनच ते चालतं, नाहीतर प्रत्येक बेस नोटवर तिचाच तीन सुरांचा ट्रायड ठेवला की पायऱ्यांवर विटा मांडल्यासारखं ऐकू येतं.

आणि हे नुसतं पाठ करून घेऊ नका, आतलं दाखवा. पहिल्या तीन कॉर्डमध्ये जी जागचा हलत नाही, तिन्हीत आहे, त्याला बोटाखाली दाबून ठेवायला सांगा आणि बाकीचे आवाज त्याच्याभोवती कसे हलतात ते ऐकवा. मग तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या पायरीचा तुकडा घ्या. ईवर सी वाजतोय, सुखात आहे. बेस एफवर गेला, तोच सी तसाच राहिला, पण आता शेजारी डी आलाय, त्याला तो टोचायला लागला. बेस जीवर गेला की सीला राहवत नाही आणि तो बीवर उतरतो. मी मुलाला विचारते की यातला कुठला सूर खाली उतरायला बघतोय, त्यावर बोट ठेव. डिसोनन्स, म्हणजे सुरांचं टोचणं, तयार करणं आणि सोडवणं यावर थिअरीच्या वहीत पानंच्या पानं असतात, पण सी त्यांनी बोटाखाली एकदा धरून बघितला की परत समजवावं लागत नाही.

उतरताना वेगळं आहे आणि जास्त चविष्ट आहे. सी, मग बीवर डी-जी, मग एवर सी-डी-एफ शार्प, हा एफ शार्प आला की मुलं दचकून वर बघतात, मग जीवर बी-डी, एफवर जी-बी-डी, ईवर जी-सी, डीवर एफ-जी-बी, सी. सी मायनरमध्ये हीच सहावी पायरी ए फ्लॅट होते आणि तिच्यावर सी-डी-एफ शार्प, म्हणजे थिअरीत ज्याला फ्रेंच सिक्स्थ म्हणून घाबरवतात तो कॉर्ड. इथे त्याचं नावही सांगू नका पहिले काही दिवस, उतरताना वाटेत लागतो तो कॉर्ड एवढंच. नाव कळलं की मुलं कोऱ्या चेहऱ्याने व्याख्या म्हणून दाखवतात.

की किती? मी आता पाचच घेते पहिले चार-पाच महिने, सी, जी, एफ, ए मायनर, डी मायनर. बारा कीचा हट्ट मी सोडला. पाच की मध्ये मोकळा फिरणारा मुलगा ई फ्लॅटला स्वतःहून जातो, कारण त्याला तिकडचं काहीतरी वाजवायचं असतं, आणि बारा की मध्ये घोकणाऱ्याचं काय होतं ते वर सांगितलंच.

कॅडेन्स वेगळ्या शिकवा, वाक्य कुठे संपतं हे कळल्याशिवाय बोलता येत नाही. नेपल्सवाले तीन प्रकार शिकवायचे, साधी, कंपाउंड आणि डबल. साधी म्हणजे बेस जी आणि मग सी, संपलं. कंपाउंडमध्ये जीवर आधी सी अडकवून ठेवायचा आणि मग बी. डबल ही माझी लाडकी: जी चार बीट धरायचा, वर बी-डी, मग सी-ई, मग सी-डी, मग परत बी-डी, आणि मग सी. ही पहिल्यांदा वाजली की प्रत्येक मूल हसतं, कारण कितीतरी जुन्या पीसचा शेवट असाच ऐकलेला असतो. आठवडाभर मग ती जिथे तिथे लावतात, लावू द्या.

आता खरं इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे एका बेसवर फिरत राहणं. मी जी मेजरमधला आठ नोटचा बेस घेते: जी, एफ शार्प, ई, डी, बी, सी, डी, जी. हँडेलने या आठ नोटवर ६२ व्हेरिएशन लिहिलीत, आणि बाखच्या १७४१ सालच्या गोल्डबर्ग व्हेरिएशनमधल्या बेसची सुरुवात पण हीच. मुलांना हे सांगते कारण मग त्यांना आपण बालवाडीतलं काहीतरी करतोय असं वाटत नाही. डावा हात फिरत राहतो, आणि प्रत्येक फेरीला उजव्या हाताला एकच बंधन: या फेरीत फक्त कॉर्डमधल्या नोट, एका बीटला एक. पुढच्या फेरीत दोन. पुढच्या फेरीत फक्त उड्या, स्टेप चालणार नाही. पुढच्या फेरीत पहिल्या बीटवर रेस्ट. "मनाला येईल ते वाजव" असं मी कधीच म्हणत नाही, त्या वाक्यानेच मुलं गोठतात, मनाला काहीच येत नसतं. "पहिल्या बीटवर वाजवायचं नाही" म्हटलं की लगेच दुसऱ्या बीटवर काहीतरी येतं.

इथली एक गोष्ट सांगायलाच हवी. एक चौदा वर्षांचा मुलगा, साधं टेन्थचंच व्हर्जन वाजवत होता, वर बी-ए-जी-एफ शार्प असं उतरत. चौथ्या फेरीला उजवा हात एका बीटने मागे पडला. बेस एफ शार्पवर गेला, वर अजून बीच वाजतोय, मग घाईघाईने ए. बेस ईवर, वर अजून एच, मग जी. बेस डीवर, वर जी, मग एफ शार्प. त्याचा चेहरा पडला, चुकलं म्हणून हात उचलणार तेवढ्यात मी म्हटलं थांबू नको, असंच चुकत राहा. पुढच्या फेरीला त्याने मुद्दाम केलं. फोर-थ्री सस्पेन्शनची (आधीचा सूर अडकून राहतो आणि उशिरा खाली सुटतो) अख्खी साखळी होती ती, एकापाठोपाठ एक तीन, त्याच टर्मला थिअरीच्या पेपरात त्याने सस्पेन्शनचा प्रश्न सोडून दिला होता. पुढचे तीन आठवडे त्याने सस्पेन्शनशिवाय काही वाजवलं नाही, तो भाग वेगळा.

वाजवत असलेल्या पीसमधून काम काढा, वेगळं मटेरियल शोधत बसू नका. मोझार्टचा सी मेजर सोनाटा, के. ५४५, सगळ्यांच्या हातातून जातो. पहिले चार बार घ्या आणि अल्बर्टी बेसमधली (डाव्या हातात कॉर्ड सुटा सुटा करून वाजतो तो) फक्त सगळ्यात खालची नोट प्रत्येक अर्ध्या बारला बघा: सी सी, डी सी, सी सी, बी सी. चार बारमध्ये मिळून तीनच सूर, बी, सी आणि डी. मुलांना हे दाखवलं की विश्वास बसत नाही, एवढंच? एवढंच. मग डावा हात आहे तसा ठेवून वर नवीन मेलडी, पण मोझार्टचा रिदम तसाच, म्हणजे एक लांब, दोन छोट्या आणि पुढे तसंच, फक्त नोट तुझ्या. मग उलट, नोट त्याच्या आणि रिदम तुझा. दुसरीकडे बाखचा सी मेजर प्रेल्यूड, वेल-टेम्पर्ड क्लाविएरमधला पहिला, तो पूर्ण कॉर्डमध्ये गोळा करून वाजवायला सांगा, एका बारला एक कॉर्ड. पहिल्या चार बारचा बेस निघतो सी, सी, बी, सी. म्हणजे मोझार्टच्या त्या सुरुवातीच्या घरातलाच. एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने हे स्वतः पकडलं आणि मला विचारलं की मोझार्टने कॉपी केली का. मी म्हटलं नाही गं, तेव्हा सगळेच अशी सुरुवात करायचे, आता तू पण कर. मग बाखच्याच कॉर्डवर तिने वॉल्ट्झ वाजवला. ऐकायला विचित्र होता, पण चालला पूर्ण.

जेव्हा आठ बार नीट जमायला लागतात तेव्हा पुढे जाता येत नाही ही तक्रार येते, म्हणजे सुरुवात येते, शेवट येतो, मधे काय. त्यासाठी योझेफ रीपेल नावाच्या अठराव्या शतकातल्या माणसाने तीन मस्त नावं देऊन ठेवलीत, मोन्ते, फोन्ते आणि पोन्ते, म्हणजे चढायचा डोंगर, उतरायची विहीर आणि ओलांडायचा पूल. मिन्युएटचा (तीन बीटच्या जुन्या नाचाचा) दुसरा भाग सुरू करायला हे वापरायचं. सीमध्ये डोंगर म्हणजे बेस ई-एफ, मग एफ शार्प-जी, प्रत्येक जोडीतल्या पहिल्या नोटवर सेव्हन्थ कॉर्ड, दुसरीवर सुटका, म्हणजे एकच गोष्ट एक पायरी वर परत सांगायची. विहीर म्हणजे बेस सी शार्प-डी, मग बी-सी, तेच पण खाली. आणि पूल म्हणजे जीवर बसून राहायचं आणि वर खेळायचं, घरी जायची घाई नाही. मी आधी विहीर शिकवते, कारण ती आपोआप घरी म्हणजे सीवर आणून सोडते, डोंगर चढून गेलेली मुलं वरच अडकतात. आठ बार पहिला भाग, चार बार विहीर, चार बार शेवट आणि डबल कॅडेन्स, झाला मिन्युएट. सहा-आठ महिन्यांत बरीचशी मुलं इथवर येतात, काही येत नाहीत, त्यात काही वाईट नाही.

व्हायोलिन किंवा व्होकलवाली मुलं असतील, पियानो कच्चा असेल, तर दोन्ही हातांचा आग्रह सोडा. एका हाताने बेस आणि वर गाणं. किंवा एकाच पियानोवर दोघं, एकाकडे बेस, दुसऱ्याकडे मेलडी, आणि आठ बारनंतर जागा बदलायची. गाणारी मुलं इथे पियानिस्टांपेक्षा चांगली मेलडी काढतात हे मी खूपदा बघितलंय, कारण त्यांना श्वास घ्यावा लागतो, पियानोवाली श्वासच घेत नाहीत, नुसती बोटं पळवतात. त्यावर उपाय म्हणून पियानोवाल्यांनाही सोबत गुणगुणायला लावा, लाजतात, तरी लावा.

काही शिक्षक काळ्या पट्ट्यांवर पेंटाटोनिकने (पाच सुरांच्या स्केलने) किंवा "वादळ वाजव, पाऊस वाजव" असं सुरू करतात. सहा-सात वर्षांच्या मुलांची भीती घालवायला ते उत्तम आहे, मी पण करते. पण मोझार्ट वाजवणाऱ्या मुलाला त्याचा दोन आठवड्यांत कंटाळा येतो कारण जे वाजतं ते त्याला आवडणाऱ्या म्युझिकसारखं लागतच नाही. लीड शीट (नुसती मेलडी आणि वर कॉर्डची नावं) आणि कॉर्ड सिम्बॉलवरून शिकवणं पण चांगलं आहे, फक्त त्यात डावा हात कॉर्डचं नाव शोधत उड्या मारतो आणि बेस ही स्वतंत्र ओळ आहे, तिलाही मेलडीसारखं चालायचं असतं, हे राहून जातं. म्हणून मी ते दुसऱ्या वर्षी आणते.

चुका कधी काढायच्या? वाजवताना कधीच नाही. नंतर, आणि या क्रमाने: बीट राहिला का, बेस राहिला का, कॅडेन्सला वेळेवर पोचलास का, आणि हे तिन्ही हो असेल तरच व्हॉइस लीडिंगबद्दल, म्हणजे आवाज एका कॉर्डमधून दुसऱ्यात कसे गेले त्याबद्दल, बोलायचं. त्यातही बेस आणि मेलडी यांच्यामधले पॅरलल ऑक्टेव्ह मी लवकर धरते, कारण तिथे दोन ओळींची एकच ओळ होऊन जाते आणि मुलाला ते ऐकूही येतं, फक्त दोन बाहेरच्या ओळी परत वाजवून घ्यायच्या. मधल्या आवाजात पॅरलल फिफ्थ झाला तर पहिलं वर्ष माझे कान बंद.

एक प्रकार सांभाळा. हुशार, चांगली मेमरी असलेली मुलं घरून "इम्प्रोव्हायझेशन" पाठ करून आणतात, दर आठवड्याला तेच, जास्त जास्त सफाईदार. त्यांच्यावर रागावू नका, ती क्लासिकल मुलं आहेत, त्यांना आणखी काय माहीत. फक्त तिथल्या तिथे काहीतरी बदला, फोर-फोरचं थ्री-फोर करा, मेजरचं मायनर करा, नाहीतर तुम्ही खाली बेस वाजवा आणि मधेच दुसरीकडे वळवा. आणि खूप परफेक्ट वाजवणाऱ्यांना मी मुद्दाम सांगते की आज एक वाईट वाजवून दाखव, जितकं जमेल तितकं वाईट, पण बेस आणि बीट सोडून नाही. काहींच्या हातून त्यातच पहिल्यांदा बरं काहीतरी निघतं.

वेळ: तासातली पहिली दहा मिनिटं. शेवटी ठेवलं की ते कधीच होत नाही, पीस संपत नाही आणि पालक दारात उभे असतात. घरी रोज पाच मिनिटं, एक बेस, त्याहून जास्त मी देत नाही. आठवड्यातून एकदा फोनवर रेकॉर्ड करून त्यातले चांगले दोन-चार बार वहीत लिहून आणायचे, म्हणजे लिहायची हार्मनी पण मागच्या दाराने होऊन जाते.

परीक्षेचं म्हणाल तर माझ्या मुलांचं साइट रीडिंग सुधारलं, कारण एकेक नोट वाचण्याऐवजी त्यांना बेस आणि कॅडेन्स दिसायला लागतात. आणि मेमरी. एक मुलगी स्टेजवर सोनाटाच्या मधेच ब्लँक झाली, डावा हात चालू होता, उजवा दोन बार गप्प राहिला, मग काहीतरी स्वतःचंच वाजवत कॅडेन्सला आली आणि तिथून पुढे पकडलं. नंतर बाहेर येऊन मला म्हणाली, "टीचर, विहिरीत उतरले."

शेवटचं, हे तुम्हाला स्वतःला मुलांसमोर वाजवावं लागेल, आणि सगळ्यात अवघड हेच आहे, माझ्यासाठी तरी होतं, कारण मी पण पुस्तकावरच वाढलेली. पहिल्यांदा मुलांच्या पुढ्यात डी मायनरमध्ये काहीतरी सुरू केलं, तिसऱ्या फेरीला सहाव्या पायरीवर डोकं रिकामं झालं आणि दोन्ही हात थांबले. मागे बसलेला एक लहानगा म्हणाला, "बेस सोडला तुम्ही." मी परत सुरू केलं.